‘सी’ म्हणजे पाहणे?

गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिरा अभयारण्याच्या चोरखमारा गेटवर सकाळची फेरी संपवून जिप्स्या परतू लागल्या की गेटवरचा वनरक्षक, टपरीवरचा चहावाला, रिकामा बसलेला दुसरा ड्रायव्हर असे सगळे एकच विचारतात, “दिसला का?” कोण, ते सांगावं लागत नाही. नागझिऱ्यात गवा दिसतो, अस्वल दिसतं, रानकुत्र्यांची टोळी दिसते. पण नाव न घेता ‘दिसला का’ म्हटलं की तो वाघच. कोणाला दिसला, तेही कोणी विचारत नाही. ‘तुम्हाला’ हा शब्द बिनबोभाट गळून पडतो आणि दोन शब्दांत प्रश्न पुरा होतो.

आता हाच प्रश्न इंग्रजीत विचारायचा तर ‘दिसला का’ एवढ्यावर भागत नाही. ‘डिड यू सी अ टायगर?’ असं म्हणावं लागतं. ‘यू’ आलाच पाहिजे, वाक्याच्या डोक्यावर आला पाहिजे, आणि वाघ मागे शेपटीला. मराठीत वाघ दिसतो आणि माणूस बाजूला उभा असतो. इंग्रजीत माणूस बघतो आणि वाघ बघितला जातो. गोंदिया जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांचं इंग्रजी ज्या ठिकाणी अडखळतं, त्यातलं एक मोठं ठिकाण हे आहे. दोष मुलांच्या डोक्यात नाही, आम्ही त्यांना पाठ करायला दिलेल्या शब्दार्थात आहे.

माझी बरीच वर्षं इंग्रजीच्या वह्या तपासण्यात गेली. जंगलच्या सहलीवर दहा ओळी लिहायला सांगितल्या की हमखास एक वाक्य यायचं : ‘द टायगर सॉ मी.’ लाल शाईनं ते खोडताना सुरुवातीला हसू यायचं. पुढे लक्षात आलं की पोरानं प्रामाणिकपणे भाषांतर केलंय. ‘मला वाघ दिसला’ या वाक्यात कर्ता वाघ आहे, क्रियापद वाघाच्या तालावर चालतं : वाघ दिसला, वाघीण दिसली, पिल्लं दिसली. ‘मला’ बिचारा चतुर्थीत. मग वाघाला पुढे ठेवून ‘सॉ’ लावलं आणि ‘मला’चं ‘मी’ केलं, यात त्याचं काय चुकलं? शिवाय जंगलात फिरलेला कोणीही सांगेल की ‘वाघानं मला पाहिलं’ हेच बहुतेक वेळा खरं असतं. आपल्याला तो एकदा दिसतो तोवर त्यानं आपल्याला कितीदा पाहिलेलं असतं.

गोंधळाचं मूळ साधं आहे. शब्दार्थांच्या यादीत आम्ही लिहून देतो : सी म्हणजे पाहणे, लुक म्हणजे पाहणे, वॉच म्हणजेही पाहणेच. तीन कुलुपांना एकच किल्ली. वास्तविक मराठीकडे दोन वेगळ्या किल्ल्या जन्मापासून आहेत. ‘दिसणे’ आपोआप घडतं, ‘पाहणे’ आपण करतो. झाडावर नजर लावून बसलात तर तुम्ही पाहताय, आणि एवढं पाहूनही घुबड दिसलं नाही असं होऊ शकतं. ‘आय लुक्ड, बट आय डिडन्ट सी एनिथिंग’ या वाक्याचं भाषांतर ‘मी पाहिलं, पण काही पाहिलं नाही’ असं केलं तर ते वेड्याचं बोलणं वाटेल. ‘मी पाहिलं, पण काही दिसलं नाही’ म्हटलं की झालं. म्हणजे ‘सी’ला जवळचा शब्द ‘दिसणे’ आहे, ‘लुक’ला ‘पाहणे’ किंवा ‘बघणे’, आणि ‘वॉच’ला ‘बघत राहणे’, नजर ठेवणे. पहिलीच्या फळ्यावर एवढं नीट लिहिलं असतं तर पुढचं निम्मं खोडकाम वाचलं असतं. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात, त्याआधी कित्येक वर्षं ते पाचवीत भेटायचं. चार वर्षं लवकर भेटलं, पण ‘सी म्हणजे पाहणे’ तसंच राहिलं.

कानाचंही हेच. जंगलात चितळाचा किंवा वानराचा इशारा आला की गाईड हात वर करून जिप्सी थांबवतो. “कॉल ऐकू आला?” असं तो विचारतो, ‘ऐकला?’ असं सहसा नाही. ऐकू येणं म्हणजे ‘हिअर’, आणि सगळ्यांनी श्वास रोखून ऐकणं म्हणजे ‘लिसन’. नाकाच्या बाबतीत तर मराठी इंग्रजीच्या पुढे आहे. मार्च-एप्रिलात मोहफुलांचा सडा पडला की वास येतो. फूल उचलून नाकाशी नेलं की आपण वास घेतो. आणि फुलाला वास असतो. येतो, घेतो, असतो अशी तीन वेगळी क्रियापदं. इंग्रजी या तिन्हींसाठी एकटं ‘स्मेल’ वापरून मोकळी होते. डोळ्यांच्या बाबतीत मात्र तिनं शब्दांचा खर्च सढळ हातानं केलाय. यालाही कारण आहे. ओके व्हिबर्ग या स्वीडिश भाषाशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात त्रेपन्न भाषांमधली इंद्रियांची क्रियापदं तपासली, तेव्हा डोळा सगळ्यांच्या वर निघाला, त्याखाली कान, मग स्पर्श, आणि चव नि वास तळाला. एका इंद्रियाचा शब्द दुसऱ्या इंद्रियासाठी उसना घ्यायची वेळ आली तर तो सहसा वरून खाली येतो. मराठीतलं ‘चव घेऊन बघ’, ‘वास घेऊन बघ’ आठवा. जिभेच्या आणि नाकाच्या कामावरही ‘बघ’चाच शिक्का.

‘दिसणे’चं कूळ पाहिलं तर मघाच्या वाघाचा उलगडा होतो. संस्कृतात ‘दृश्’ म्हणजे पाहणे. त्याचं कर्मणी रूप ‘दृश्यते’, म्हणजे ‘पाहिलं जातं’. प्राकृतात त्याचं ‘दिस्सइ’ झालं आणि मराठीत ‘दिसे’, ‘दिसतो’. मूळचं कर्मणी रूप घासून घासून साधं कर्तरी क्रियापद बनलं. ‘वाघ दिसतो’ असं आपण म्हणतो तेव्हा आतून ‘वाघ पाहिला जातो’ असंच म्हणत असतो, फक्त आता त्यातला ‘जातो’ ऐकू येत नाही. ‘देखणे’ त्याच घराण्यातलं. क्रियापद म्हणून ते प्रमाण मराठीत म्हातारं झालं, पण ‘देखणा’ मुलगा आणि ‘डोळ्यादेखत’ झालेली चोरी यांत अजून धडधाकट आहे. गोंदियाच्या बाजारात तर ते हिंदीच्या पाठिंब्यावर जोरात चालतं. एका अंगाला बालाघाट, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड, त्यामुळे इथल्या माणसाच्या तोंडी मराठी, झाडीबोली, पोवारी, हिंदी एकमेकींत मिसळलेल्या असतात. पाण्याला ‘पानी’ म्हणणारा माणूस पुढच्या वाक्यात ‘दिखा क्या?’ विचारतो. हिंदीतही देखना-दिखना अशी जोडी आहेच. म्हणजे मूल कोणत्याही भाषेतून आलेलं असो, दोन किल्ल्या त्याच्या खिशात असतात.

आणि समजा ‘दिसणे’ सोडून ‘पाहणे’ घेतलं, तरी भूतकाळात मराठी वाक्य माणसाच्या ताब्यात पूर्णपणे येत नाही. ‘त्यानं वाघ पाहिला’, ‘त्यानं वाघीण पाहिली’, ‘त्यानं पिल्लं पाहिली’. पाहणारा एकच, क्रियापद मात्र बदलतंय जंगलातल्या मंडळींप्रमाणे. ‘वाघिणीला पाहिलं’ असं ‘ला’ लावून म्हटलं तरच क्रियापदाची तिच्यापासून सुटका होते. इंग्रजी ‘सॉ’ला यातलं काहीच जाणवत नाही. वाघ असो, वाघीण असो, की नवेगावबांधच्या तलावावरचे हजार पक्षी असोत, ‘सॉ’ तो ‘सॉ’.

इंग्रजी पूर्वीपासून अशीच होती असं मात्र नाही. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘मीथिंक्स’ हा शब्द जागोजागी भेटतो. वरवर तो ‘मी थिंक’ असं बोबडं इंग्रजी वाटतो. खरं तर त्यातलं ‘थिंक’ हे विचार करण्याचं नव्हे, ‘भासणे’ या अर्थाचं दुसरंच जुनं क्रियापद आहे, आणि ‘मी’ म्हणजे चक्क आपला ‘मला’. ‘मीथिंक्स’ म्हणजे ‘मला वाटतं’. एके काळी इंग्रजीतही माणसाला असं चतुर्थीत बसवत असत. पुढे तिनं ते मोडीत काढलं आणि प्रत्येक अनुभवाच्या डोक्यावर ‘आय’ बसवला. आपल्याकडे मला भूक लागते, मला आठवतं, मला आवडतं, मला ताप येतो. भारतातल्या भाषा वेगवेगळ्या कुळांतल्या असूनही ही ‘मला’ची पद्धत बहुतेकींमध्ये आहे. कॉलिन मॅसिका यांनी १९७६ साली दक्षिण आशियाला भाषांचा एक प्रदेश म्हणून मांडलं, तेव्हा त्यांनी धरलेल्या समान खुणांमध्ये ही एक ठळक खूण होती.

वह्यांमधली दुसरी पेटंट चूक म्हणजे ‘आय ॲम सीइंग अ टायगर’. पुण्यामुंबईचे लोक याला सरसकट ‘इंडियन इंग्लिश’ म्हणून हसतात, पण विदर्भात तिला खास घरचं खत मिळतं. आमच्याकडे ‘तो येतोय’पेक्षा ‘तो येऊन राहिला’ जास्त चालतं. ‘काय करून राहिला बे?’ हा तर आमचा रामराम. तसंच ‘वाघ दिसून राहिला का?’ ‘हो, दिसून राहिला ना, त्या बांबूमागं.’ चालू असलेलं काम दाखवायला इतकं खणखणीत रूप हाताशी असताना पोरानं ‘आय ॲम सीइंग’ लिहिलं नाही तरच नवल. अडचण इंग्रजीच्या बाजूला आहे. तिच्या लेखी ‘सी’ हे काम नव्हेच. दिवा लागला की उजेड पडतो, तसं डोळ्यापुढे आलं की दिसतं. त्याला सुरुवात-मध्य-शेवट नाही, म्हणून त्याला ‘इंग’ नाही. ‘लुक’ आणि ‘वॉच’ ही कामं आहेत, त्यांना ‘इंग’ खुशाल लावा. मग समोर वाघ असताना इंग्रज काय म्हणतो? ‘आय कॅन सी अ टायगर.’ हा ‘कॅन’ कुवत सांगत नाही. ‘मला वाघ दिसतोय’ यातल्या ‘तोय’चं काम तो करतो.

हे ‘कॅन’ न कळल्यामुळे एक विनोद उलट्या दिशेनंही घडलाय, आणि त्याचा मला खरा राग आहे. टीव्हीवरचा वार्ताहर पुरात उभा राहून सांगतो, ‘आपण पाहू शकता, माझ्या मागे पाणी वाढलेलं आहे.’ पाहू शकतो म्हणजे काय, डोळे शाबूत आहेत आमचे! इंग्रजीतला निरुपद्रवी ‘कॅन’ हिंदीच्या वाटेनं मराठीत ‘शकणे’ होऊन शिरला. ‘माझ्या मागे दिसतंय’ एवढं पुरलं असतं.

‘सीइंग’ला इंग्रजीत पूर्ण बंदी नाही, पण ते आलं की अर्थ पालटतो. ‘आय ॲम सीइंग अ डॉक्टर’ म्हणजे डॉक्टरकडे उपचार चालू आहेत. ‘यू आर सीइंग थिंग्ज’ म्हणजे तुला भास होतायत. आणि ‘आय ॲम सीइंग अ गर्ल’ म्हणजे प्रकरण बरंच पुढे गेलेलं आहे. आता कल्पना करा, पुण्याच्या कंपनीत नोकरी करणारा आमचा एखादा मुलगा परदेशी साहेबाकडे रजा मागतो : ‘रविवारी घरचे सगळे मिळून आमगावची मुलगी पाहायला जाणार आहोत.’ ‘पाहणे’ला ‘सी’ लावून त्यानं हे शब्दशः लिहिलं, की साहेबाला वाटणार, हा, याचे आईवडील आणि मामा असे चौघं मिळून एकाच मुलीशी प्रेम करतायत. आपलं ‘मुलगी पाहणं’ म्हणजे चहा-पोह्यांचा, तासाभराचा, निकाल लावायचा कार्यक्रम. तो ‘सी’त मावत नाही, ‘लुक ॲट’ म्हटलं तर अपमान होतो आणि ‘वॉच’ म्हटलं तर पोलीस येतील. तिथे सरळ ‘लग्नाच्या बोलणीसाठी एका कुटुंबाला भेटायला जातोय’ असं सांगावं.

एक जोडी मात्र दोन्ही भाषांत हुबेहूब आहे. पोरानं सायकल मागितली की आई म्हणते, “बघू.” इंग्रज आईही म्हणते, “वी विल सी.” दोघींचा अर्थ ‘नाही’ असाच.

‘सी’ची खरी कारागिरी दिसते ती त्याच्यामागे दुसरी क्रिया जोडताना, आणि ती समजायला धानाच्या बांधीइतकी चांगली जागा नाही. महाराष्ट्रातले सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरलेत. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच पक्षी, जवळपास माणसाएवढा, आणि घरटं करतो ते धानाच्या बांधीत नाहीतर बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, कडेच्या गवतात. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यांची मोजणी होते. पहाटेच माणसं ठरलेल्या जागी जाऊन बसतात. समजा त्यातल्या एकानं लिहिलं, ‘आय सॉ द सारस क्रॉस द फील्ड’. म्हणजे तो सारस या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत गेला, आणि यानं ते सगळं पाहिलं. ‘आय सॉ द सारस क्रॉसिंग द फील्ड’ म्हणजे यानं मान वर केली तेव्हा तो मधोमध होता. पुढे तो पलीकडे गेला की परत फिरला, ठाऊक नाही. एका ‘इंग’नं साक्षीची जबाबदारी कमी झाली. मराठीत आपण दोन्हीला ‘ओलांडताना पाहिलं’ म्हणतो आणि फरक हवाच असेल तर ‘पार पलीकडे जाईस्तोवर पाहिला’ असं जोडतो. न्यायालयात ‘मारताना पाहिलं’ आणि ‘मारलेलं पाहिलं’ यांवर उलटतपासणी रंगते ती याच फटीत. कर्मणी प्रयोगात इंग्रजी आणखी एक अट घालते : तिथे ‘वॉज सीन टू क्रॉस’ असा ‘टू’ परत आणावा लागतो. का, ते विचारू नये.

आणि मग ‘दॅट’. ‘आय सॉ दॅट अ टायगर हॅड पास्ड’. या वाक्यात वाघ कुठेच दिसलेला नाही. धुळीत पावलांचे ठसे आहेत, ते ताजे आहेत, त्यावरून कळलं. ‘सी’चा अर्थ इथे ‘जाणणे’ झाला. मराठीत ‘वाघ जाताना दिसला’ आणि ‘वाघ गेल्याचं दिसलं’ यांत नेमका हाच फरक आहे, आणि तो शिकवावा लागत नाही. वनरक्षकाच्या रोजच्या बोलण्यात तो असतोच. वाघ दिसण्याचे दिवस थोडे, गेल्याचं दिसण्याचे फार. दिसण्यातून कळण्याकडे जाणारी ही वाट फार जुनी आहे. ज्या मूळ धातूपासून लॅटिनमध्ये ‘पाहणे’ या अर्थाचं क्रियापद झालं आणि त्यातून आजचा ‘व्हिडिओ’ आला, त्याच धातूपासून संस्कृतात ‘जाणणे’ या अर्थाचा ‘विद्’ झाला आणि त्यातून वेद नि विद्या. तरी ही वाट सगळ्या जगाची नाही. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी भाषांत ‘जाणणे’ सहसा ‘ऐकणे’वरून येतं. तिथल्या माणसाला ‘आय सी’ म्हणून मान डोलावणारा इंग्रज विचित्रच वाटला असेल.

मारुती चितमपल्ली वन अधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले, तिथल्या तलावावरच्या आणि जंगलातल्या पक्ष्यांवर त्यांनी आयुष्यभर लिहिलं. ते करायचे त्याला आपण पक्षिनिरीक्षण म्हणतो, इंग्रजीत बर्डवॉचिंग. ‘बर्डसीइंग’ असा शब्द नाही, आणि मराठीतही पक्षिदर्शन म्हटलं की सहलीचा वास येतो. वाघाची गोष्ट निराळी. नवेगाव-नागझिरा २०१३ च्या डिसेंबरात व्याघ्रप्रकल्प झाला, तेव्हापासून पर्यटकांच्या तोंडी ‘साइटिंग’ बसलंय. ‘साइटिंग झालं का?’, ‘दोन फेऱ्या केल्या, साइटिंग झीरो.’ वर्तमानपत्रांनी त्याला प्रतिशब्द काढला : व्याघ्रदर्शन. बातमी येते, ‘पर्यटकांना वाघिणीने बछड्यांसह दर्शन दिले.’ मला हा शब्द फार नेमका वाटतो. दर्शन आपण घेतो खरं, पण देणारा तो असतो; पंढरपूरला विठोबा आणि नागझिऱ्याला वाघ. ‘दिसला’मधला कर्ता कोण, हे व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा वार्ताहरानं चांगलं ओळखलं.

आताच्या पोरांनी ‘सी’चं तिसरंच रूप मराठीत आणलंय. ‘मेसेज सीन केला, पण रिप्लाय नाही.’ ‘तिनं मला सीनवर ठेवलं.’ इंग्रजीतलं हे धातुसाधित मराठीत येऊन नाम झालं, त्याला शब्दयोगी ‘वर’ लागला, आणि रुसवा-फुगवाही त्याला चिकटला. हीच पोरं परीक्षेत ‘आय हॅव सॉ’ लिहितात, आणि व्हॉट्सॲपवर मात्र कोणाचं ‘लास्ट सीन’ किती वाजताचं आहे ते मिनिटामिनिटानं तपासतात.

‘लास्ट सीन’ वाचलं की मला जय आठवतो. नागझिऱ्यात जन्मलेला अवाढव्य वाघ. ‘शोले’तल्या जोडीवरून त्याला नाव मिळालं होतं. २०१३ मध्ये तो नागझिरा सोडून उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात गेला आणि त्याच्या नावावर तिकडे पर्यटन फुललं. गळ्यात रेडिओ कॉलर होती. २०१६ च्या उन्हाळ्यात कॉलरचा संदेश यायचा थांबला. जंगलं धुंडाळली, कॅमेरे लावले, गावोगाव विचारलं. इंग्रजी वर्तमानपत्रांनी ‘वॉज लास्ट सीन’ असं लिहिलं. कोणी पाहिला ते सांगायची गरज न ठेवणारं कर्मणी रूप. एरवी ‘आय’चा आणि ‘यू’चा एवढा आग्रह धरणारी भाषा इथे पाहणाऱ्याला गाळून मोकळी झाली. चोरखमारा गेटवरचा जुना माणूस बोलता बोलता जयचा विषय निघाला की म्हणतो, “एप्रिलात शेवटचा दिसला.” त्याच्याही वाक्यात ‘कोणाला’ नाही. पण त्याच्या वाक्यात ते कधीच नव्हतं.